पत्रकातली तपासणी आणि प्रबंधातली तपासणी: ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस रक्तात मोजायचा तर कशाने?

एकाच आठवड्यात दोघं जण माझ्यापुढे जवळपास एकच प्रश्न घेऊन बसले.

पहिला आमचा आतेभाऊ, आप्पा. पिंपळगाव बसवंतजवळ चार एकर द्राक्षबाग, वय ५४, आठ वर्षांपासून साखर, आणि गेले दोन हिवाळे पायाचा अंगठा सुजून लाल होतो. नाशिकला गंगापूर रोडवर मुलाकडे आला की माझ्याकडे चहाला येणं ठरलेलं. या वेळी हातात गुळगुळीत कागदाचं पत्रक होतं. फुल बॉडी चेकअप, खाली तपासण्यांची लांबलचक यादी, आणि शेवटी वेगळ्या रंगात एक ओळ: ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस प्रोफाइल’, जादा पैसे भरून. ‘‘ताई, हे घेऊ का? पोरगं म्हणतं घ्या.’’

दुसरी माझी भाची. एमडी बायोकेमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षाला आहे. म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाकडे सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) पाठवायची तारीख जवळ आलेली, विषय मधुमेह आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस असा ठरलेला, पण मोजायचं काय ते ठरेना. ‘‘मावशी, एमडीए घेऊ की टोटल अँटीऑक्सिडंट कपॅसिटी? गाईड म्हणतात दोन्ही घे, स्वस्त आहेत.’’

मी २६ वर्षं बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काढली आहेत. दोघांना वेगवेगळी उत्तरं दिली, कारण तपासण्या त्याच असल्या तरी आकडा हातात आल्यावर दोघं त्याचं काय करणार हे वेगळं होतं. आप्पाला त्या आकड्यावरून स्वतःच्या शरीराबद्दल काही ठरवायचं आहे. भाचीला ६० रुग्ण आणि ६० निरोगी माणसं यांच्या सरासरीत फरक दिसतो का, एवढंच पाहायचं आहे. एका माणसाबद्दल काहीच न सांगू शकणारी तपासणीसुद्धा १२० जणांच्या गर्दीत काहीतरी सांगू शकते. पुढे जे लिहिते आहे ते दोघांना शेजारी बसवूनच.

आधी, मोजतो ते काय

‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ हा शब्द रुळला तो जर्मन बायोकेमिस्ट हेल्मुट झीस यांच्या १९८५ च्या पुस्तकापासून. शरीरात तयार होणारे ऑक्सिजनचे चळवळे रेणू आणि त्यांना आवर घालणारी व्यवस्था यांचा तोल पहिल्यांच्या बाजूने ढळणं, हा त्याचा ढोबळ अर्थ. मनावरच्या ताणाशी त्याचा थेट संबंध नाही. आप्पाला आधी तेच वाटलं होतं. ‘‘बाजारभावाचा टेन्शन त्यात येतो का?’’ असं त्याने विचारलंच.

अडचण अशी की हे रेणू पकडून मोजता येत नाहीत. त्यांतल्या हायड्रॉक्सिल रॅडिकलचं आयुष्य नॅनोसेकंदांत मोजायचं. दंडातून रक्त काढून ट्यूब हलवेपर्यंत तो कधीच संपलेला असतो. निफाडकडच्या माणसाला हे बिबट्यावरून पटकन कळतं. बिबट्या उसात दिसत नाही. सकाळी बांधावर पंजाचे ठसे दिसतात, गोठ्यातलं वासरू गेलेलं दिसतं, रात्रभर कुत्री भुंकलेली असतात. रक्ततपासण्याही तशाच. काही ठसे मोजतात, म्हणजे चरबी, प्रथिनं, डीएनए यांचं झालेलं नुकसान. काही राखणदार मोजतात, म्हणजे एन्झाइम आणि ग्लुटाथायोन. आणि काही फक्त घरात काठ्या किती आहेत ते मोजतात, म्हणजे टोटल अँटीऑक्सिडंट कपॅसिटी.

एमडीए: स्वस्त, गुलाबी आणि भोळा

चरबीचं ऑक्सिडेशन झालं की शेवटी जे तुकडे उरतात त्यांतला एक मॅलॉनडायअल्डिहाइड, म्हणजे एमडीए. सीरममध्ये, म्हणजे गोठलेल्या रक्तातून सुटलेल्या पाण्यात, थायोबार्बिट्युरिक ॲसिड घालायचं, आम्लात उकळत्या पाण्यावर ठेवायचं, गुलाबी रंग येतो, ५३२ नॅनोमीटरला वाचायचा. साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो, म्हणून ग्रामीण भागातल्या कॉलेजातही प्रबंधांत हीच पद्धत दिसते. हिचं खरं नाव टीबीएआरएस, ‘थायोबार्बिट्युरिक ॲसिडशी रंग देणारे पदार्थ’. या नावातच कबुली आहे. एमडीए रंग देतो तसे सियालिक ॲसिड आणि काही साखराही देतात; बिलिरुबिन आणि फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन वाचनात ढवळाढवळ करतं. त्यात नमुना उकळताना नळीतच चरबीचं ऑक्सिडेशन होतं, म्हणजे ठसे मोजता मोजता आपणच नवे उमटवतो. बीएचटी नावाचा अँटीऑक्सिडंट आधी घातला तर हे बरंच थांबतं. कितीतरी लॅबमध्ये तो घातलेला नसतो.

तोच नमुना एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करणाऱ्या यंत्रावर चालवला तर खरा एमडीए बाकीच्यांपासून वेगळा होतो, आणि आकडा चांगलाच खाली येतो. म्हणून एका लॅबची ‘नॉर्मल’ दुसऱ्या लॅबला लागू होत नाही. आप्पाच्या पत्रकात एमडीएच्या ‘नॉर्मल’ची नुसती हद्द छापली होती, पद्धत नव्हती. पद्धतीशिवाय ती हद्द म्हणजे शेताचा नंबर न लिहिता नुसता ‘चार एकर’ लिहिलेला उतारा.

इथे माझी स्वतःची फजिती सांगते. विद्यार्थी असताना मीही टीबीएआरएसच केलं होतं. निरोगी लोकांचे नमुने आधी गोळा झाले, कारण मैत्रिणी आणि स्टाफ लगेच तयार झाले. ते आठ महिने उणे २० च्या फ्रीजरमध्ये पडून राहिले. ते दिवस लोडशेडिंगचे, फ्रीजर दिवसातून दोनदा बंद पडायचा. रुग्णांचे नमुने शेवटी आले आणि ताजेच तपासले गेले. निकाल काय? निरोगी लोकांचा एमडीए रुग्णांपेक्षा जास्त! गाईड सर बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘तू रोग मोजला नाहीस, फ्रीजर मोजलास.’’ भाचीला ही गोष्ट तीनदा ऐकवून झाली आहे.

आयसोप्रोस्टेन: त्यातल्या त्यात खरा

१९९० मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या जेसन मॉरो आणि जॅक्सन रॉबर्ट्स यांनी एफ-२ आयसोप्रोस्टेन शरीरात तयार होतात हे दाखवलं. ॲराकिडोनिक ॲसिडवर रॅडिकलचा हल्ला झाला की हे बनतात, रासायनिकदृष्ट्या टिकाऊ असतात, आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीवर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या मशीनवर, नेमके मोजता येतात. १९९५ मध्ये याच गटाने दाखवलं की सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात ते जास्त असतात आणि दोन आठवडे सिगारेट सोडली की उतरतात. सवय सोडल्यावर आकडा हलतो, ही कोणत्याही मार्करची मोठी परीक्षा. एमडीएपेक्षा आयसोप्रोस्टेन उजवा ठरतो तो इथे.

मग सगळे हाच का करत नाहीत? मशीन महाग, ते चालवणारा माणूस त्याहून दुर्मिळ. शिवाय प्लाझ्मा, म्हणजे पेशी बाजूला काढलेलं रक्ताचं पाणी, उणे २० ला ठेवला तर त्यातली चरबी ऑक्सिडाइज होत राहते आणि आयसोप्रोस्टेन नळीतच वाढतात. उणे ७० ते ८० चा डीप फ्रीजर हवा. यावर तोडगा लघवीचा. लघवीत चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे ही भानगड होत नाही, आणि क्रिएटिनिनशी गुणोत्तर काढलं की पाणी कमी-जास्त प्यायल्याचा फरकही सांभाळला जातो. विषय रक्ततपासणीचा असला तरी या एका बाबतीत माझं मत लघवीच्या बाजूने आहे. एलायझा किट स्वस्त पडतात, पण त्यांतली अँटीबॉडी मिळत्याजुळत्या इतर रेणूंनाही चिकटते, त्यामुळे मास स्पेक्ट्रोमेट्रीशी आकडे जुळतीलच असं नाही.

बाकीचे ठसे, थोडक्यात

डीएनएच्या नुकसानीचा ८-ओएचडीजी हा मार्करही मुख्यतः लघवीतच मोजतात, आणि इथेही एलायझाचा आकडा मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या कित्येक पट येतो. प्रोटीन कार्बोनिल डीएनपीएच रसायनाने मोजतात. पद्धत जुनी आणि किचकट आहे, प्रथिनं धुताना हात हलका हवा. ऑक्सिडाइज्ड एलडीएल ऐकायला भारी वाटतं, पण तो आकडा साध्या एलडीएलच्या मागोमाग चालतो. ज्याचं एलडीएल १६० आहे त्याचं ऑक्सिडाइज्ड एलडीएलही बहुधा जास्तच निघणार, आणि उपचार दोन्ही बाबतींत तोच.

राखणदार: एसओडी, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, ग्लुटाथायोन

सुपरऑक्साइड डिसम्युटेज, म्हणजे एसओडी, १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी शोधलं. त्याआधी ३० वर्षं हेच प्रथिन ‘रक्तातलं तांब्याचं प्रथिन’ म्हणून माहीत होतं, काम माहीत नव्हतं. तांबड्या पेशीत ते भरपूर असतं, म्हणून पेशी फोडून मोजतात आणि हिमोग्लोबिनच्या हिशेबात लिहितात.

राखणदारांचा घोळ असा की आकडा वाढणं चांगलं की वाईट, हेच ठरत नाही. हल्ला सुरू झाला की शरीर एसओडी वाढवतं. हल्ला वर्षानुवर्षं चालला की ते दमतं आणि कमी होतं. मधुमेहात वाढलेलं दाखवणारे अभ्यास आहेत, कमी झालेलं दाखवणारेही आहेत, आणि दोन्ही आपापल्या जागी खरे असू शकतात. कुत्री खूप भुंकली म्हणजे बिबट्या आला होता, का कुत्री नवीन आहेत? वर प्रत्येक किटची ‘युनिट’ची व्याख्या वेगळी.

ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजला सेलेनियम लागतं. पगलिया आणि व्हॅलेंटाइन यांची १९६७ ची पद्धत, ३४० नॅनोमीटरला एनएडीपीएच (ग्लुटाथायोनला पुन्हा ताजं करायला लागणारा रेणू) कमी होताना बघायचं, अजूनही चांगली आहे. नमुना त्यातल्या त्यात टिकतो. भाचीसाठी राखणदारांत ही माझी पसंती.

ग्लुटाथायोन स्वतः, आणि त्याच्या साध्या व ऑक्सिडाइज्ड रूपांचं गुणोत्तर, हा खरं तर सर्वांत अर्थपूर्ण आकडा. पण तो नीट मोजणं तितकंच अवघड. रक्त काढल्यावर काही मिनिटांतच साधं रूप ऑक्सिडाइज होऊ लागतं. एनईएम नावाचं रसायन ट्यूबमध्ये आधीच नसेल तर गुणोत्तर रुग्णाचं राहत नाही, टेबलावर ट्यूब किती वेळ पडली होती त्याचं होतं. तांबड्या पेशींत ग्लुटाथायोन प्लाझ्माच्या शेकडो पट असतं, म्हणून सुई जराशी खेचली आणि थोड्या पेशी फुटल्या तरी प्लाझ्माचा आकडा गेला. घरी येऊन रक्त घेणारा मुलगा सिडकोतून निघून इंदिरानगर, पाथर्डी फाटा असं करत ११ वाजता लॅबला पोचतो. त्याच्या पिशवीत ही तपासणी कशी टिकेल?

टोटल अँटीऑक्सिडंट कपॅसिटी: आप्पाचा ‘उत्तम’ रिपोर्ट

आप्पाने खिशातून घडी घातलेला जुना रिपोर्ट काढला. गेल्या वर्षी एका ठिकाणी असंच प्रोफाइल केलं होतं. टोटल अँटीऑक्सिडंट कपॅसिटीपुढे हिरवा पट्टा आणि शेरा: उत्तम. आप्पा खूश होता. मी त्याच कागदावर वर बघितलं. यूरिक ॲसिड ८.६.

या एका ओळीत सगळं प्रकरण आहे. कपॅसिटी मोजायची एक प्रचलित पद्धत एफआरएपी, बेंझी आणि स्ट्रेन यांनी १९९६ मध्ये मांडलेली. प्लाझ्मा लोहाला किती क्षपित करतो, म्हणजे किती इलेक्ट्रॉन देतो, ते निळ्या रंगावरून वाचायचं. पण या पद्धतीत प्लाझ्माच्या आकड्यातला साधारण ६० टक्के वाटा एकट्या यूरिक ॲसिडचा असतो. ग्लुटाथायोन तर तिला जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे ज्याचा अंगठा यूरिक ॲसिडने सुजतो, त्याला रिपोर्ट ‘उत्तम’ म्हणतो. किडनी निकामी झालेल्या रुग्णात यूरिक ॲसिड साचतं, त्याचीही कपॅसिटी छान येते, आणि डायलिसिस झाल्यावर खाली पडते. कावीळ झालेल्याची बिलिरुबिनमुळे वर जाते. मी आप्पाला म्हटलं, ‘‘हे बक्षीस तुझ्या गाऊटला मिळालंय.’’ तो हसला, पण थोडा हिरमुसलाही.

अशाच कपॅसिटीच्या आकड्यांवर फळांच्या जाहिराती उभ्या राहतात, आणि द्राक्षांच्या जिल्ह्यात राहून हे सांगायला जरा जिवावर येतं. लोटिटो आणि फ्राय यांनी २००४ मध्ये दाखवलं की सफरचंद खाल्ल्यावर प्लाझ्माची कपॅसिटी वाढते खरी, पण ती सफरचंदातल्या फ्लॅव्होनॉइडमुळे वाढत नाही. फ्रुक्टोज पचताना यूरिक ॲसिड वाढतं, त्याचा तो परिणाम. द्राक्षांतही फ्रुक्टोज भरपूर. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या ओआरएसी या कपॅसिटीच्या आकड्यांची यादी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण त्या आकड्यांचा माणसाच्या तब्येतीशी संबंध दाखवता येत नव्हता आणि विक्रेते मात्र ते छापत होते. वायनरीतला रेड वाइनचा पेला ‘अँटीऑक्सिडंट’ म्हणून पुढे केला जातो तेव्हा मला ही यादी आठवते.

भाचीने गाईडसाठी ही तपासणी करायचीच ठरवली तर एक अट: त्याच नमुन्यात यूरिक ॲसिड, अल्ब्युमिन आणि बिलिरुबिन मोजायचं, आणि यूरिक ॲसिडचा वाटा वजा केल्यावर दोन गटांत फरक उरतो का ते प्रबंधात मांडायचं. बहुतेक वेळा उरत नाही, असा माझा अंदाज. त्यापेक्षा एलमनच्या रसायनाने प्लाझ्मातले थायॉल मोजावेत: पिवळा रंग, ४१२ नॅनोमीटर, खर्च किरकोळ, आणि आकडा कसला आहे ते निदान माहीत असतं.

बोटातल्या थेंबावरचं यंत्र

काही वेलनेस क्लिनिकमध्ये बोटाला टोचून लगेच आकडा देणारं यंत्र दिसतं. डी-रॉम्स ही मूळ इटलीची पद्धत, आकडा ‘कार युनिट’मध्ये, २५० ते ३०० नॉर्मल. रक्तातल्या हायड्रोपेरॉक्साइडना लोहाच्या मदतीने फोडून रंग आणायचा, अशी कल्पना. टीकाकारांचं म्हणणं असं की या रंगात सेरुलोप्लाझ्मिन नावाच्या तांब्याच्या प्रथिनाचा मोठा वाटा आहे. ते प्रथिन कुठल्याही सुजेत वाढतं, गरोदरपणात वाढतं, गर्भनिरोधक गोळ्यांनी वाढतं. गोळ्या घेणाऱ्या २५ वर्षांच्या मुलीला ‘तीव्र ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ सांगून कॅप्सूल विकल्या तर ते कुणाच्या चटकन लक्षातही येणार नाही. एकाच माणसाचा, त्याच यंत्रावर, महिन्यामागून महिना कल बघायला कदाचित चालेल. निदानाला नाही.

एक ट्यूब सगळ्यांना पुरत नाही

पत्रकातलं प्रोफाइल एकाच ट्यूबमधून निघत असेल तर कान टवकारावेत. एमडीए आणि आयसोप्रोस्टेनला जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब बरी, कारण ईडीटीए लोह-तांब्याला धरून ठेवतं आणि नळीतलं ऑक्सिडेशन मंदावतं. पण एफआरएपी आणि डी-रॉम्स तर लोहावरच चालतात. तिथे ईडीटीए तपासणीच मारून टाकतं, सीरम किंवा हिरव्या झाकणाची हेपरिन ट्यूब लागते. ग्लुटाथायोनला एनईएम. तिघांची तोंडं तीन दिशांना.

नमुना बाहेरगावी जात असेल तर विचारा: बर्फावर जातो की ड्राय आइसवर, आणि वेगळा केलेला प्लाझ्मा जातो की अख्खं रक्त. मुंबई पावणेदोनशे किलोमीटर आहे, कसारा घाटात गाडी अडकली तर तो वेळही नमुन्याच्या वयात धरायचा. लॅबला एनएबीएल (लॅबचा दर्जा तपासणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे एवढ्यावर थांबू नका. मान्यता तपासणीनिहाय असते, त्यांच्या ‘स्कोप’मध्ये ही तपासणी आहे का ते विचारायचं. बहुतेक ठिकाणी साखर, क्रिएटिनिन असतं, आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसची ओळ नसते.

आणि रुग्णाची तयारी. पांडवलेणीच्या पायऱ्या पळत चढून आलात आणि तसंच रक्त दिलंत तर आकडा व्यायामाचा येईल. आदल्या रात्रीची दारू, रविवारची तर्रीदार मिसळ, तंबाखू, मशेरी, व्हिटॅमिनच्या गोळ्या: सगळे आकड्यात हात घालतात. मशेरीबद्दल बायका विचारल्याशिवाय सांगत नाहीत. भाचीने तिच्या प्रश्नावलीत ‘तुम्ही धूम्रपान करता का’ एवढंच लिहिलं होतं. मी तिथे मशेरीची ओळ घालायला लावली.

ज्या दोन तपासण्यांवरून खरोखर काही ठरतं

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसशी थेट नातं असलेली आणि निकालावरून डॉक्टर औषध बदलतो अशी एक रक्ततपासणी आहे, पण ती रंगीत पत्रकात नसते. जी-सिक्स-पीडी. हे एन्झाइम तांबड्या पेशीत एनएडीपीएच बनवतं, आणि त्यावरच ग्लुटाथायोन पुन्हा ताजं होतं. ते जन्मतः कमी असेल तर प्रायमाक्विनसारख्या औषधाने तांबड्या पेशी फुटतात. व्हायव्हॅक्स मलेरियाच्या रुग्णाला यकृतातले लपलेले जंतू मारायला १४ दिवस प्रायमाक्विन देतात, तेव्हा हे माहीत असणं मोलाचं. महाराष्ट्रातल्या काही आदिवासी समाजांत हा दोष आढळतो, म्हणून पेठ-सुरगाण्याकडच्या डॉक्टरला ही तपासणी नाशिक शहरातल्यापेक्षा जास्त कामाची. दोष एक्स गुणसूत्रावर, त्यामुळे मुलग्यांत जास्त दिसतो. एक खाच: नुकत्याच पेशी फुटून गेल्या असतील तर उरलेल्या तरुण पेशींत एन्झाइम जास्त असतं आणि रिपोर्ट खोटा नॉर्मल येतो. तीनेक महिन्यांनी पुन्हा करावी लागते. घरात हा दोष असेल तर बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवायच्या नाहीत. त्याही पेशी फोडतात.

दुसरी आप्पासाठी. तो दर हंगामात स्वतः ब्लोअर चालवतो, मास्क म्हणजे उपरणं. त्याला वाटत होतं की फवारणीच्या औषधांचा परिणाम ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसच्या तपासणीत दिसेल. दिसलाही असता कदाचित, पण साखरेमुळे की फवारणीमुळे हे कुणीच सांगू शकलं नसतं. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातल्या कीटकनाशकांसाठी वेगळी, नेमकी तपासणी आहे: कोलिनएस्टरेज, तांबड्या पेशींतलं आणि प्लाझ्मातलं. माणसामाणसांत हा आकडा इतका वेगळा असतो की एकदाच करून उपयोग कमी. फवारणीआधीचा स्वतःचा आकडा हवा आणि नंतरचा त्याच्याशी ताडायचा. कॅलिफोर्नियात फवारणी कामगारांसाठी नियमच आहे: स्वतःच्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली आला तर कामाची पद्धत तपासायची, पेशींतला ७० टक्क्यांवर किंवा प्लाझ्मातला ६० टक्क्यांवर घसरला तर माणसाला त्या कामावरून बाजूला करायचं. डाउनी-भुरी या द्राक्षावरच्या रोगांची बुरशीनाशकं किंवा बोर्डो मिश्रण यात दिसत नाहीत, हेही त्याला सांगितलं. डबीवरचं तांत्रिक नाव वाचून यायला लावलं.

आकडा वाईट आला तर पुढे काय

प्रोफाइल वाईट आलं की पुढची पायरी ठरलेली असते: अँटीऑक्सिडंट कॅप्सूल. इथे पुरावा फारसा चांगला नाही. फिनलंडमधल्या २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत, निकाल १९९४ मध्ये आला, बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. हृदयविकारासाठी ४०० युनिट व्हिटॅमिन ई देणाऱ्या होप चाचणीत २००० मध्ये फायदा दिसला नाही. सिलेक्ट चाचणीत २०११ मध्ये व्हिटॅमिन ईच्या गटात प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त दिसला. ऑक्सिजनचे हे चळवळे रेणू पेशी निरोप द्यायलाही वापरतात आणि पांढऱ्या पेशी जंतू मारायलाही. ते सरसकट पुसून टाकणं म्हणजे राखणीला ठेवलेली शेकोटीही विझवणं. डॉक्टरने कारणासाठी दिलेली गोळी वेगळी, ती बंद करा असं मी म्हणत नाही.

तर, कोणी काय करावं

आप्पासारख्या माणसाने, म्हणजे साखर, गाऊट, पन्नाशी पार, ती जादा ओळ सोडून द्यावी. तेच पैसे एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर), लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, लिपिड, क्रिएटिनिन आणि डोळ्यांचा पडदा तपासण्यात घालावेत. अल्ब्युमिनचं गुणोत्तर ३० च्या वर गेलं तर किडनीला लागलेली झळ क्रिएटिनिन हलण्याआधी कळते, आणि त्यावर औषध आहे. सूज किती आहे याचं कुतूहल असेलच तर एचएस-सीआरपी, मात्र अंगठा सुजलेला असताना नाही. जीजीटी यकृताच्या प्रोफाइलमध्ये येतंच; ग्लुटाथायोनच्या उलाढालीशी त्या एन्झाइमचं नातं आहे, आणि ते फुकटात मिळतंय.

भाचीने टीबीएआरएस करायचंच असेल तर प्रबंधात त्याला टीबीएआरएसच म्हणावं, एमडीए नाही. एचपीएलसी कुठे मिळालं तर सोनं. जोडीला ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज आणि थायॉल. रुग्ण आणि निरोगी यांचे नमुने आठवड्या-आठवड्याला बरोबरीने गोळा करावेत, लहान लहान भागांत उणे ८० ला ठेवावेत, आणि मिसळून एकाच बॅचमध्ये चालवावेत. शक्य झालं तर त्यांतल्या वीसेक जणांची सकाळची लघवी आयसोप्रोस्टेनसाठी बाजूला ठेवावी. आज मशीन नसलं तरी नमुना असेल. एवढं ऐकून ती म्हणाली, ‘‘मावशी, आमच्या डिपार्टमेंटचा डीप फ्रीजर जनरेटरवर आहे का, ते आधी बघते.’’

आप्पाने पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्याच पेनने लिहून घेतलं: कोलिनएस्टरेज, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, गोडी छाटणीनंतरच्या पहिल्या फवारणीआधी. मग पत्रकाची चौघडी करून खिशात ठेवलं आणि चहा गार झाला म्हणून पुन्हा मागितला.